रॉस्को डनवुडी गोलंदाज यांचे अबोल्याचे मोहिमेची हकीकत

चित्त देऊन ऐकावे. ओहायो प्रांती डेटन शहरी हातोडेवाले म्हणोन बेसबॉलचा नामांकित जमाव, त्याचे पदरी राजश्री रॉस्को डनवुडी, खासा गोलंदाज, यांनी अठरा वर्षे जी मर्दुमकी केली तीतील अखेरचे लढाईची ही हकीकत असे. यात जादा काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

डनवुडी म्हणजे ताडासारखा पुरुष आणि डावा हात साक्षात तोफ. मातीच्या टेकाडावर उभे राहून चेंडू सोडिला की भलेभले फलंदाज हवेस दांडू मारून, तोंड आंबट करून माघारी जात. करंडक आणिले, निशाणे मिळविली, शिकागोपासून टेक्सासपर्यंत दहशत बसविली. मात्र एक मनसुबा सिद्धीस गेला नव्हता. नऊच्या नऊ डावांत शत्रूस एकही फटका मिळू न देणे, ऐसी बेदाग फत्ते त्यांस हवी होती. आणि तीन वेळा नवव्या डावापावेतो पोहोचोन तिन्ही वेळा नवव्यातच शिकस्त खादली.

यास कारण तोफ नव्हे, रिवाज. ऐसी मोहीम रंगात आली म्हणजे स्वकीयांनी गोलंदाजाशी बोलू नये, शेजारी बसू नये आणि त्या गोष्टीचा उच्चार तर स्वप्नीही करू नये, नाहीतर नशीब फिरते. हा हुकूम कोणी काढिला हे कोणास ठाऊक नाही, आणि मोडण्याची छाती कोणास नाही. इकडे डनवुडी पडले बोलके. पंचास गुडघेदुखीचा लेप सांगावा, शत्रूचे फलंदाजास लेकरांची खुशाली पुसावी, कोणी न मिळाल्यास चेंडूशी बोलावे. ऐसा पुरुष बाकाचे टोकास एकटा बसविला म्हणजे त्याचे मनच बोलू लागे, आणि मन चांगले काही बोलत नसे.

तो सप्टेंबरातील अखेरचा रविवार उजाडला. वय एकेचाळीस, खांदा करकरतो, निवृत्ती जाहीर जाहली. आता नाही तर कधीच नाही. दुपारी ओमाहाचे सैन्य चालोन आले, आणि आठ डाव सरले तरी त्यांस एक फटका लाभला नाही. मग बाक रिकामे होऊ लागले. सरसेनापती ओटिस क्लेमर, ज्यांस सारे कोच म्हणत, ते स्वतःचे बूट न्याहाळीत बसले. डनवुडींनी पाणी मागितले, तो कोणी बुटाच्या टोकाने बाटली सरकाविली.

"अरे, कुणीतरी बोला रे!" डनवुडी काकुळतीस येऊन म्हणाले. "नुसतं हवामान सांगितलंत तरी चालेल."

सर्वांनी आभाळाकडे पाहिले. सांगितले कोणीच नाही.

मग तिन्ही पराभव डोळ्यांपुढे उभे राहिले. इतक्यात लुपे बारागान, टेक्सासचे राहणारे, अकरा वर्षे डनवुडींचे गोळे झेलणारे झेलकरी, उठोन थेट त्यांचे मांडीस मांडी लावोन बसले. फौजेत हाहाकार जाहला.

"रॉस्को," बारागान म्हणाले, "काल तुझ्याकडे जेवलो. चिलीत राजमा होता."

चिली म्हणजे खिम्याचा तिखट रस्सा; आणि टेक्सासात त्यात राजमा घालणे हा गुन्हा समजतात.

"मग? असतोच."

"असतो? अरे, आमच्याकडे एवढ्यावरून सोयरीक मोडते!"

"माझ्या आईची चिली आहे ती. तोंड सांभाळ."

"आईंना माझा नमस्कार. पण ती चिली नव्हे रे बाबा, ते राजम्याचं सूप."

"दोनदा वाढून घेतलंस, लाज नाही वाटत?"

"भूक लागली होती. बूटही खाल्ला असता!"

"बारागान, ऊठ तिथून!" क्लेमर पांढरेफटक पडोन ओरडले.

"कोच, तुम्हीच सांगा, घालतात का राजमा?"

"घालतातच मुळी!" ओहायोचे रक्त उसळले. "म्हणजे... गप्प बस, मूर्खा!"

डनवुडी संतापाने लाल होऊन टेकाडी चढले, आणि संतापात तीन पराभव पार विसरले. पहिला फलंदाज तीन गोळ्यांत गारद जाहला. मग बारागान सल्लामसलतीचे निमित्ते टेकाडी गेले आणि हातमोज्याआड पुसते जाहले, "मकाही घालतोस काय रे?" दुसऱ्या फलंदाजाने जो चेंडू पाहिला तो झेलकऱ्याचे मोज्यात पोहोचल्यावरच, तिन्ही वेळा. तिसऱ्याने कसाबसा दांडू लाविला, चेंडू सरळ आभाळी चढला, बारागान खाली मोजा पसरोन उभे, आणि टेकाडावरून डनवुडी धावत येत ओरडत, "कांदा तरी चालतो का रे तुम्हाला?"

चेंडू मोज्यात पडला. झेललेला चेंडू फटक्यात धरीत नाहीत, आणि तिसरा गडी बाद म्हणजे डाव खलास.

मग इतके डाव कोंडलेल्या जिभा एकदम सुटल्या. क्लेमर ढसढसा रडले. चाळीस हजार रयत उभी राहिली. त्या गर्दीत डनवुडींनी बारागानांस मिठी मारिली आणि हळूच पुसिले, "माझ्यासाठीच भांडलास ना, लुपे?"

"तुझ्यासाठी कशाला? राजमा खरंच होता."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूचे फटके शून्य. गोलंदाज राजी, झेलकरी नाराज. राजम्याचा कज्जा निकालावाचून राहिला.