नदी वळविल्याची व पेरू राखिल्याची हकीकत

कोणा हुजुरांची आज्ञा जाहली म्हणोन नव्हे, कोणी पुसिले म्हणोनही नव्हे, तर या मोहिमेचे जे वर्तमान सरकारी दप्तरी शिक्क्यानिशी दाखल आहे ते वाचून लेखकाचे मस्तक तडकले, म्हणोन ही हकीकत आदिपासून अंतापर्यंत, घडली तैसी लिहिली आहे. यांत थोरांचा थोरपणा जितका होता तितकाच लिहिला. कमी भरला तर तो लेखकाचा कसूर नव्हे.

तरी मूळ वर्तमान ऐसे जे, नदी जेथे कोपर दुमडल्यासारखी वळते तेथे बाहेरील अंगास एक रोपवाटिका होती, आणि तिची मुखत्यारी एका बाईकडे होती. बाईंचे यजमान रोपांची गाडी घेऊन गावोगाव फिरत, घरी येत ते पाहुण्यासारखे, आणि जेवून पुन्हा कूच करीत. सबब पाणी, माती, गडी, गिऱ्हाईक आणि सासूबाई ऐसे पाच मोर्चे बाई एकट्या सांभाळीत. आणि रोपवाटिकेच्या काठास सासूबाईंनी नवी नवरी असता लाविलेले पेरूचे झाड होते. ते ऐसे गोड आणि ऐसे भरघोस की मुलुखात जेथे जेथे त्या वाटिकेचे पेरू लागले ते सर्व त्याचीच लेकरे. फांदीची साल सोलून, ओले शेवाळ बांधून, मुळे फुटली की कापून घ्यावी, यास गुटी म्हणतात. ते समयी झाडावर दोनशे गुट्या बांधिल्या होत्या आणि मुळे धरण्यास चाळीस दिवस पाहिजे होते. झाड गेले तर गुट्या गेल्या, आणि नवे झाड आईपणास येण्यास सात-आठ वर्षे. तोवर घराने खावे काय, तर सरकारी आश्वासने!

ऐसे असता वरील धरणातून पाणी सुटले, आणि नदी वळणावर काठ खाऊ लागली. बाई रोज सकाळी चहाचा कप हाती घेऊन पेरूच्या बुंध्यापासून काठापर्यंत पावले मोजीत. सोमवारी अकरा भरली, गुरुवारी दहा, आणि पुढील सोमवारी नऊ. मग बाईंनी पदर खोचिला आणि नदीकाठ संरक्षण विभागाकडे अर्ज घेऊन खाशा स्वतः गेल्या.

त्या कचेरीचा थाट काय वर्णावा! जिन्यात फायलींचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर कुलूप नसलेली कपाटे, आणि मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर एक कूलर, जो चार वर्षे गळत होता आणि ज्याचे पाण्याने भिंतीचा गिलावा कमरेइतका खाऊन टाकिला होता. त्याखाली एक बादली ठेवून बंदोबस्त केला होता. ज्यांस कूलरची धार वळविता येईना, त्यांचे हाती सरकारने सबंध नदी दिली होती. त्याच कचेरीत बाईंचे धाकटे दीर कारकून होते, स्वभावे गरीब, साहेबांची घंटा वाजली की पाचावर धारण बसणारे. त्यांनी वहिनींचा अर्ज आत नेला आणि दाराशी हात जोडून उभे राहिले.

मोठे साहेब, नदीदमन, प्रवाहमर्दन, टिपणीबहाद्दर, यांनी अर्ज वाचिला, आणि परम संतोष जाहला, कारण वर्षभरात त्यांस कोणी नदी दमन करण्यास सांगितले नव्हते. हुकूम जाहला की खासा स्वारी पाहणीस निघेल, आणि दगडांचे ठेकेदार यांनीही सरंजामानिशी हजर राहावे. मग दोन गाड्या, एक छत्री, एक घडीची खुर्ची, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि गुंडाळिलेला नकाशा ऐसी फौज रोपवाटिकेत उतरली. साहेबांनी आधी सावली पाहिली, मग काठ पाहिला.

आता येथे नीट ध्यानी घ्यावे. नदीखात्याचा शिरस्ता ऐसा की, पाणी जिकडे वाहते तिकडे तोंड करून उभे राहावे. मग डाव्या हाताचा तो डावा काठ, उजव्या हाताचा तो उजवा. हे त्या खात्यात शिपायासही ठाऊक. त्या हिशेबे रोपवाटिका डाव्या काठास होती आणि नकाशातही लिहिले होते की डाव्या काठास तीन दांडे घालावे. दांडा म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून काठापासून पाण्यात काढिलेली भिंत, जिने धार काठापासून दूर लोटिली जाते. इतके सर्व यथास्थित होते. परंतु पाणी वाहत होते उन्हाकडे, आणि ऊन साहेबांच्या डोळ्यांत गेले. साहेबांनी खुर्ची फिरविली, सूर्याकडे पाठ केली, पाणी जिकडून येते तिकडे मुख केले, नकाशा मांडीवर पसरिला आणि डावा हात उचलून हुकूम फर्माविला की हा डावा काठ, येथे दांडे घाला. तो हात नदीपल्याड गेला होता.

दीर धाडस करून पुढे जाहले आणि हळूच बोलिले, "साहेब, तो... म्हणजे तो उजवा होतो ना?"

त्याजवर फर्मान जाहले की, डावा-उजवा आम्हांस शिकवू नये, आम्ही या हातांनी सत्तावीस वर्षे सह्या केल्या आहेत. ठेकेदारांनी तात्काळ रुकार दिला, कारण पल्याड गाडीरस्ता होता आणि दगड उतरविण्यास सोपे. दीर मूग गिळून मागे सरले. बाईंनी त्यांजकडे ऐसे पाहिले की त्या गरिबास रात्रीचे जेवण गेले नाही.

मग मोहिमेचा आरंभ समारंभ जाहला. काम पल्याड, परंतु समारंभ अल्याड, कारण सावली अल्याड होती. रोपवाटिकेच्या साठ कुंड्या उचलून व्यासपीठाभोवती मांडिल्या, भाषणे जाहली, आणि पेरूपासून दोन पावलांवर चौथरा बांधून त्यावर काळ्या दगडाची घोटीव कोनशिला उभी केली. तिजवर मोठ्या साहेबांचे नाव सर्वांत मोठे, मग पाहुण्यांचे, मग ठेकेदारांचे, आणि नदीचे नाव सर्वांत खाली, जागा उरली तितक्या अक्षरांत. शिळा ऐसी चकचकीत की सासूबाईंनी तीत पाहून केस सारखे केले आणि विचारिले, "अगं, आपलं नाव कुठेय यात?"

"आपल्या साठ कुंड्या आहेत की, आई," बाई बोलिल्या. "त्याही परत येतील तेव्हा खऱ्या."

पल्याडच्या काठास रेती होती, आणि रेतीत चार शेळ्या. त्या रेतीचे आणि त्या शेळ्यांचे रक्षणार्थ पंधरा दिवस दगड ओतिले गेले आणि तीन दांडे सिद्ध जाहले. दांडे उत्तम होते, त्यांत काही उणे नव्हते. त्यांनी आपले काम चोख केले, आणि नदीची सगळी धार पल्याडहून ढकलून, गोळा करून, नेमकी रोपवाटिकेवर आणून सोडिली. आजवर नदी काठ कुरतडत होती, आता घास घेऊ लागली. नवांची सात पावले जाहली आणि सातांची पाच. गुट्यांस अद्याप अठरा दिवस पाहिजे होते. बाईंनी हिशेब केला आणि त्यांचे तोंडचे पाणी पळाले.

बाई पुन्हा कचेरीत गेल्या. कूलर गळतच होता. साहेबांनी वर्तमान ऐकून मान डोलाविली आणि निवाडा दिला की, दांड्यांस भिऊन नदीने पळ काढिला ही विभागाची सरशीच होय. पळताना ती कोणीकडे गेली, हा निराळा विषय असून त्यास निराळा अर्ज लागेल. बाईंचे तळपायाची आग मस्तकास गेली.

"साहेब, नदी पळाली नाही, माझ्या दारात आलीय," त्या बोलिल्या. "तुमच्या शेळ्या मात्र सुखरूप आहेत हो!"

घरी आल्या तो सासूबाई पेरूखाली पाट मांडून बसलेल्या. काठ पाच पावलांवर, आणि म्हातारीचा एक हात बुंध्यावर. बाईंनी उठविले तेव्हा सासूबाई सहज बोलिल्या, "जाऊ दे गं. झाडच ते." आणि मग भिंतीकडे तोंड करून निजल्या आणि दोन दिवस भाकरीचा तुकडा मोडिला नाही. बाईंची आणि सासूबाईंची वीस वर्षांत मिठावरून, मोरीवरून, टीव्हीच्या आवाजावरून रोज लढाई. परंतु ती भिंतीकडे वळलेली पाठ पाहून बाईंस रडू आले, आणि रडू आल्याचा रागही आला.

दुसरे दिवशी सकाळी बाई रोपांस पाणी देत होत्या. वाफ्याच्या पाटात पाणी वळविण्यास त्या नेहमी एक फुटके कौल लावीत. त्या दिवशी चित्त ठिकाणी नव्हते म्हणोन कौल आडवे लागले, आणि पाणी कौलाच्या दोन्ही बाजूंनी फुटून पाटाच्या कडा खाऊ लागले. बाईंनी शिवी हासडून कौल तिरके केले. पाणी निमूट पलीकडच्या कडेने गेले आणि कौलामागे गाळ बसला. हे त्यांनी आयुष्यात हजार वेळा केले होते. त्या दिवशी मात्र पाहतच राहिल्या, आणि मग झारी तेथेच टाकून ओरडल्या, "अरे, जुन्या शेडच्या चौकटी काढा रे सगळ्या!"

मग बांबूच्या चौकटी, ज्यांवर हिरवी जाळी ताणिलेली असते, त्या बारा निघाल्या, आणि वाटिकेचे दोन गडी व बाई कमरेइतक्या पाण्यात उतरल्या, आणि काठालगत खुंट ठोकून एकामागे एक चौकटी तिरक्या बांधिल्या, जेणेकरून वरची धार बाहेर जावी आणि खालचा गाळ आत यावा. पाणी आडविण्याचा त्यांत कोठे आव नव्हता, केवळ वाट दाखविली होती. परंतु सर्वांत वरचा खुंट, ज्यावर धारेचा सगळा भार, तो उपटून येई. दोनदा ठोकिला, दोनदा उपटला. मातीची पोती बांधिली ती विरघळली. जडशी वस्तू पाहिजे होती, आणि काठावर जड ऐसे एकच होते. बाईंनी मान वळवून कोनशिलेकडे पाहिले. गड्यांनीही पाहिले.

तो भर दुपारी, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत, दीर सायकलवर आले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडिली, चष्मा खिशात ठेविला आणि शिळेस खांदा लाविला.

"भाऊजी, नोकरी जाईल तुमची," बाई बोलिल्या.

"वहिनी, तो उजवा काठ होता," दीर बोलिले. "मी जरा मोठ्यानं बोलायला हवं होतं."

चौघांनी पहारीने शिळा उपटिली आणि लोटीत काठावर आणिली. परंतु दोर ठरेना. ठेकेदारांनी दगड ऐसा घोटिला होता की दोर बांधावा आणि निसटावा, बांधावा आणि निसटावा. तीन वेळा निसटला. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबा शिळेस गुंडाळून त्यांवर दोर आवळिला, दुसरे टोक वरच्या खुंटास बांधिले, आणि मोठ्या साहेबांचे नाव पालथे करून शिळा नदीत सोडिली. वरचा खुंट ताठ उभा राहिला. सबंध मोहिमेत डाव्या काठास पडलेला सरकारी दगड तो एवढाच.

पुढे तीन दिवस काठ पडत राहिला आणि चार पावले उरली. बाई अन्नावरची वासना गेल्यासारख्या हिंडत होत्या. चौथे दिवशी चारच होती, आठवे दिवशीही चार. चौकटींमागे पाणी मंद जाहले, मग गढूळ, आणि मग तेथे घोट्याइतकी रेती दिसो लागली. धार नदीच्या मधोमध गेली. अठरावे दिवशी बाईंनी पहिली गुटी उकलिली, तो आत पांढरी मुळे. ती त्यांनी तशीच नेऊन सासूबाईंच्या हाती दिली. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिली, नाकाने हुंकार दिला, आणि बोलिल्या, "शेवाळ जास्त भिजवलंस तू." आणि मग दोन भाकरी मागून खाल्ल्या.

महिन्याने खासा स्वारी पुन्हा आली. साहेबांनी डाव्या काठास साचलेली रेती पाहिली, पल्याडचे तीन दांडे पाहिले, आणि तेथेच खुर्चीवर अहवाल सांगितला. तो दप्तरी ऐसा दाखल आहे: विभागाच्या तीन दांड्यांनी नदीचा पुरता बीमोड करून दोन्ही काठ राखिले, बांबूच्या काही चौकटी पाण्यात आढळल्या, त्या वाहून आल्या असाव्यात, सबब दुर्लक्ष केले. येणेप्रमाणे सरकारी फत्ते जाहली. लेखकाने ताडून पाहिले, त्यात एक "पाण्यात" एवढाच शब्द खरा आहे.

मग साहेबांची नजर रिकाम्या चौथऱ्याकडे गेली आणि पृच्छा जाहली की कोनशिला कोठे आहे.

"कामावर आहे, साहेब," बाई बोलिल्या.

साहेबांनी ते ऐकिले न ऐकिले, आणि ताकीद दिली की फत्तेच्या समारंभासाठी नवी शिळा करवावी, पहिलीहून थोरली. दिराने वही काढिली. वहिनींनी त्यांस हलकेच सांगितले की चौकटींच्या खालच्या रांगेसही एक शिळा लागेलच, साचलेली रेती धरूनही पेरूपर्यंत अजून सातच पावले भरतात.

तो मागणीचा कागद लेखकाने दस्तुरखुद्द पाहिला आहे. त्यात साहेबांचे नाव कोणत्या अक्षरांत असावे ते लिहिले आहे, लांबी-रुंदी लिहिली आहे, आणि खाली दिराच्या सुवाच्य हस्ताक्षरात दोन कलमे अधिक आहेत: दगड घोटू नये, आणि शिळेच्या वरील अंगास जाड दोर ओवता येईल ऐसे भोक ठेवावे. साहेबांनी न वाचता सही केली.