जाताना उजवी, येताना डावी

विमानात कधी पाय न ठेवलेला माणूस विमानातल्या जागांबद्दल किती बोलू शकतो, हे ज्यांना पाहायचं होतं त्यांनी आमच्या सोपानतात्यांना भेटायला हवं होतं. नाशकाजवळ मखमलाबादला आमच्या कुंपणापलीकडे त्यांचा फुलांचा मळा. कुणी विमानाने निघालंय अशी कुणकुण लागायचा अवकाश, तात्या टोपी झटकत दारात हजर. "बाजू कोणती घेतली?" कशासाठी चाललात, तिकडे कोण आजारी आहे, काही विचारणं नाही.

मग शाळेतला जुना नकाशा आणि फूटपट्टी निघायची. "दिल्लीला जाताना उजवी, येताना डावी. आन् पंखाच्या पुढं बसा. पंखावर बसलात का निस्ता पत्रा दिसतो." एका लग्नात, अंगाला हळद लागलेल्या नवरदेवाला त्यांनी विचारलं होतं, "काश्मीरला जाताना खिडकी कुणाला?" दुबईला निघालेल्या एकाला मात्र त्यांनी उडवूनच लावलं. "तिकडं कुठंबी बसा. सगळं पाणीच हाय." स्वतः तात्या सिन्नरच्या एसटीपलीकडे गेले नव्हते, आणि त्या एसटीतही खिडकीवरून कंडक्टरशी भांडायचे.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण दिल्लीचीच बाजू त्यांना एवढी पाठ का, हे मला ठाऊक होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी अलका दिल्लीला होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तात्या लग्नाला गेले नाहीत, आणि त्यानंतर ती नाशकात आली नाही. तात्यांकडे फोन नव्हता, म्हणून दिवाळीत तिचा फोन आमच्याकडे यायचा. तात्या यायचे, पण ओट्यावरच बसून राहायचे. रिसीव्हर कधी हातात घेतला नाही. एकदा ती म्हणाली, कामासाठी महिन्यातून एकदा मुंबईला यावं लागतं, विमानाने. हे मी तात्यांना सांगितलं आणि त्याच आठवड्यात त्यांनी ती फूटपट्टी विकत आणली.

दसऱ्याला सगळं मखमलाबाद झेंडू खुडायचं, तात्याही खुडायचे, पण तेव्हापासून मळ्याच्या मधोमध एक चौकोन तसाच राखायचे. भोवती हिरवं आणि मध्ये पिवळंधमक. "वरून वळखू यायला नको?" माझ्याकरवी त्यांनी अलकाला निरोपही दिला. मुंबईहून परत जाताना उजवी खिडकी घे म्हणावं. त्यावर ती फोनवर मुलांच्या शाळेचं बोलू लागली.

असे सहा दसरे गेले. सातव्या दसऱ्याच्या सुमाराला कंपनीने मला मुंबईहून विमानाने दिल्लीला पाठवलं. तात्यांनी दोन दिवस मला पढवलं. काउंटरवरच खिडकी मागायची, डुलकी घ्यायची नाही, निघाल्यापासून पेपर उघडायचा नाही. मी उजवीकडे, पंखाच्या पुढे बसलो. आकाश स्वच्छ होतं. खूप लांबवर गंगापूर धरणाचं पाणी असावं असं काहीतरी टिकलीएवढं चमकलं आणि मागे गेलं. मळा नाही, झेंडू नाही, चौकोन नाही. इतक्या उंचावरून तो दिसणारच नव्हता. सहा वर्षं राखलेल्या त्या फुलांचं मला फार वाईट वाटलं.

परतलो तेव्हा तात्या आमच्या फाटकाशी उभे होते.

"दिसलं का?"

मी समजूतदार म्हणून आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. मी म्हणालो, "दिसलं की तात्या! पिवळाधमक चौकोन. अगदी स्पष्ट."

मला वाटलं, आता हे गावभर सांगत सुटणार. तात्यांनी टोपी काढली आणि ते पायरीवर बसले.

"म्हंजे दिसतं," ते म्हणाले. बराच वेळ ते टोपीची घडी घालत राहिले. "मला वाटायचं, इमान लय उंच ऱ्हातं. पोरीला दिसत नसंल. म्हणून येत नसंल."

नंतर खरं सांगायला मी दोनदा बांधापर्यंत गेलो. पण आता खरं सांगितलं असतं तर त्यांना तेच खोटं वाटलं असतं. दोन्ही वेळा मी पाऊसपाण्याचं बोलून परत आलो.

तात्यांनी पुन्हा कुणाला बाजू विचारली नाही. पुढच्या दसऱ्याला मी कुंपणावरून डोकावलो, तर मधल्या चौकोनात त्यांनी मेथी लावली होती.