पावणेतीन इंचाचे जगदाळेकाका

जगदाळेकाका कोणाच्याही घरी जेवायला बसले, की पहिला घास उचलण्याआधी सगळ्या ताटांवरून नजर फिरवतात आणि गंभीरपणे सांगतात, "हळू चावा. तोंडात काय येईल सांगता येत न्हाई."

बदकाच्या रश्श्यासमोर हे सांगितलं तर कोणाची हरकत नाही. त्यांनी ते आमच्या मुलीच्या, ओवीच्या, वाढदिवसाला श्रीखंडासमोर सांगितलं. माझ्या बायकोने, मीनलने, दही रात्रभर टांगून ते श्रीखंड केलं होतं. "श्रीखंडात काय येणार आहे काका, दगड?" तिने विचारलं. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वेलदोड्याचं साल." मीनल पुढे आठवडाभर माझ्याशी फुगून होती, जणू साल मीच टाकलं होतं.

काका जपानमधल्या ग्योतोकुच्या आमच्या इमारतीत आमच्या वर दोन मजल्यांवर राहतात. मूळचे कराडचे. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आले त्याला आता बावीस वर्षं झाली. तोयोसुच्या एका व्यापारी कंपनीत ते पोलाद विकतात, आणि हिवाळा आला की इबाराकीकडच्या एका तळ्यावर बदकांच्या शिकारीला जातात. जपानमध्ये शिकार करणारा मराठी माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. इथे बंदुकीचा परवाना मिळवायचा म्हणजे परीक्षा, डॉक्टरचा दाखला, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट, आणि शिवाय पोलीस येऊन बायकोला, साहेबांना, शेजाऱ्यांना विचारणार की माणूस कसा आहे. आमच्या मावशीच्या लग्नात मुलाची एवढी चौकशी झाली असती, तर ते लग्न झालंच नसतं.

काकांना वर्षातले आठ महिने एकच प्रश्न छळतो. तीन इंची पोलाद, की पावणेतीन इंची बिस्मथ?

हा प्रश्न मला त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर, आमच्याच वाट्या घेऊन समजावला. पूर्वी काडतुसात शिशाचे छर्रे असत. पण चुकलेले छर्रे चिखलात पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात आणि झुरून मरतात. म्हणून त्यांच्या तळ्यावर शिशाला बंदी आहे. काकांना ती मनापासून मान्य आहे. "नेम आपला चुकला, त्याची शिक्षा बदकाला कशाला?"

मग त्यांनी वाटीभर शेंगदाणे घेतले. "हे शिसं." दुसऱ्या वाटीत कुरमुरे. "हे पोलाद. हलकं. शेंगदाण्याच्या वजनाएवढे कुरमुरे न्यायचे तर डबा मोठा पायजे का नको? म्हणून काडतूस तीन इंची. बार उडाला की खांदा बसतोय बघ." तिसऱ्या वाटीत फुटाणे. "हे बिस्मथ. वजनात शिशाच्या खाली, पोलादाच्या वर. पावणेतीन इंचात भागतंय." तोवर ओवीने निम्मं बिस्मथ खाऊन टाकलं होतं.

"मग तुम्ही काय वापरता?" मी विचारलं.

"बिस्मथ. पोलाद पुलाला. बदकाला न्हाई."

दिवसभर पोलाद विकून पोट भरणारा माणूस हे म्हणत होता. कारण विचारलं तर काका मोठी शास्त्रीय कारणं देत: छर्रे कसे पसरतात, वारा किती, खांद्याचं वय काय. खरं कारण मला काकूंनी सांगितलं.

पहिल्या हंगामात काकांनी तीन इंची पोलादच नेलं होतं. तीन महिन्यांत दोन बदकं मिळाली. काकांच्या मते पोलादाचा मोठा फायदा असा, की ते चुंबकाला चिकटतं. त्यांनी फ्रिजवरचं फुजी पर्वताचं चुंबक काढलं, धुतलं आणि मटणाच्या प्रत्येक तुकड्यावरून फिरवलं. फुजीला सात छर्रे लागले. काका खूश. काकूंनी तांबडा रस्सा केला, आणि पहिल्याच घासाला आठवा छर्रा काकूंना लागला. दाढेचे दोन तुकडे झाले.

"बदक मेलं ते मेलं, जाताना माझी दाढ घेऊन गेलं," काकू सांगायच्या आणि हसायच्या. काका हसायचे नाहीत. इथला दंतवैद्य एका दाढेला आठ वेळा बोलावतो. आठही वेळा काका अर्धी रजा टाकून बाहेरच्या बाकावर बसले. नंतर ते बंदुकीच्या दुकानात गेले आणि दुकानदारासमोर एकेक नमुन्याचा छर्रा स्वतःच्या दाढेखाली धरून चावून पाहिला. पोलादाने कळ आली. बिस्मथ मऊ लागलं, दबलं. दुकानदाराने कंबरेत वाकून नमस्कार केला. असं गिऱ्हाईक त्यालाही नवीन असावं.

बिस्मथ चुंबकाला चिकटत नाही. म्हणून काका बोटांनी शोधायचे. चष्मा कपाळावर, दिवा जवळ, आणि बदकाचा तुकडा हातात घेऊन दोन-दोन तास चाचपणं. सापडलेले छर्रे काडेपेटीत जायचे, कारण हाडं जळणाऱ्या कचऱ्यात आणि धातू न जळणाऱ्या कचऱ्यात. ह्यातली चूक इमारतीची कचरा समिती पोटात घालत नाही. काकू ओट्याशी उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, माझ्या मंगळसूत्राचे मणी कधी एवढे मोजले न्हाईत तुम्ही." आणि पानं वाढली की काका म्हणायचे, "हळू चाव."

काकू ह्या एप्रिलमध्ये गेल्या. आठ दिवस ताप आला आणि गेल्या. मुलगा कॅनडातून आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. मी दोनदा वर जाऊन बसून आलो. मग ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, ओवीची शाळा आली, आणि माझं वर जाणं राहिलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण राहिलं ते राहिलं.

ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी दारावर पोलीस. माझ्या मनात पहिलं आलं ते मंगळवारी चुकीच्या कचऱ्यात टाकलेलं तेलाचं प्लास्टिक. पण तो तरुण पोलीस तीनदा सुमिमासेन, माफ करा, म्हणून वाकला आणि त्याने सांगितलं, की जगदाळे-सानच्या परवान्याचं नूतनीकरण आहे, शेजारी म्हणून दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत.

दारू पितात का? नवीन वर्षाला एक पेला. भांडतात का? कचऱ्यावरून, तेही समितीच्या बाजूने. रागीट आहेत का? मी श्रीखंडाची गोष्ट सांगणार होतो, पण जपानीत श्रीखंड मला जमलं नसतं.

मग त्याने कागद उलटला आणि आवाज खाली आणला. "त्यांच्या पत्नी वारल्या, असं समजलं. आता ते एकटे असतात. उदास वाटतात का? कोणाशी बोलतात? जेवतात कोणाबरोबर?"

आणि मला लिफ्ट आठवली. आदल्याच आठवड्यात काका लिफ्टमध्ये भेटले होते. हातात कोम्बिनीची, कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानाची, पिशवी, पिशवीत एकच गरम केलेला डबा. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय काका, यंदा बिस्मथच ना?"

"न्हाई रं. तीन इंची पोलाद सांगून ठेवलंय. आता कोण चावणार हाय?"

मी हसलो होतो. मला वाटलं, काका निवळले एकदाचे. माझा मजला आला आणि मी उतरलो.

दारात तो पोलीस पेन धरून उभा होता. खरं उत्तर दिलं असतं, तर परवाना अडला असता, आणि पहाटे उठून तळ्यावर जाणं एवढं एकच काकांचं उरलं होतं. सरळ माणसावर अशी वेळ आली की तोंडाला येईल ते तो बोलतो. मी म्हणालो, "दर रविवारी ते आमच्याकडे जेवतात."

माझ्या मागे सात वर्षांची ओवी उभी होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर जपानीत येतं, आणि तेही नको तेव्हा. ती स्पष्ट म्हणाली, "एऽ? येत नाहीत की!"

पोलिसाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे कान तापले. "म्हणजे," मी म्हणालो, "ह्या रविवारपासून."

"म्हणजे उद्यापासूनच," तो म्हणाला.

"हो. उद्यापासून."

त्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, "महिन्याभराने पुन्हा विचारायला येईन," आणि जाताना ओवीला वाकून नमस्कार केला. मी दार लावून आत आलो, तर मीनल डाळ भिजत घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "उद्या पुरणपोळी करते," ती म्हणाली. "काय निघायचं ते निघू दे त्यातून."

रविवारी काका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पेटी. मी त्यांना पोलिसाचं सगळं सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता, ओवीने सांगितलंच असतं. "पोलिसाला खोटं बोललास," काका एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. तो बराच वेळ पुसत होते.

"खोटं कुठे काका? हे ताट कोणाचं आहे मग?" मीनल म्हणाली. "फक्त बदक माझ्या कुकरमध्ये शिजणार नाही."

"मी तिचं पातेलं आणीन," काका म्हणाले.

मग त्यांची नजर ओवीकडे गेली. ती हसली तेव्हा समोरच्या दोन दातांच्या जागी एक खिडकी होती आणि खिडकीत नवा दात नुकता डोकावत होता. काकांनी तिला जवळ बोलावलं, दिव्याखाली तोंड उघडायला लावलं आणि बदक तपासतात तसे तिचे दात तपासले. "हे पक्के का दुधाचे?"

"पक्के यायला लागलेत," मीनल म्हणाली.

"म्हंजे जन्माला पुरायचे."

ते उठले आणि फोन घेऊन बाल्कनीत गेले. दार उघडं होतं. बंदुकीच्या दुकानदाराशी ते जपानीत बोलत होते आणि बोलता बोलता, समोर कोणी नसताना, वाकत होते.

"माफ करा, ते तीन इंची पोलादाचे खोके ठेवलेत ना, ते राहू द्या. पावणेतीन इंची. बिस्मथ. हो, नेहमीचंच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काका म्हणाले, "नाही, तसं नाही. घरात लहान मूल आहे."

ते आत येऊन ताटावर बसले. मीनलने पोळीवर तूप सोडलं. काकांनी सगळ्या ताटांवरून नजर फिरवली, ओवीपाशी थांबले आणि म्हणाले, "हळू चाव."