वेलींचं अधिकृत वय

जुनं ते सोनं, हे सर्वमान्य सत्य आहे (नवऱ्यांबाबत मतभेद आढळतात). आमच्या वाइनरीत मोठ्या मालकांच्या काळी द्राक्षवेली शंभर वर्षांच्या होत्या. धाकट्या मालकांनी कारभार हाती घेतला आणि वर्षभरात त्या अडीचशेच्या झाल्या. इतक्या झपाट्याने वाढणारं पीक शेतीशास्त्राला ठाऊक नाही.

मग इतिहास समिती नेमली गेली. सदस्य तीन: मालक, मालकांचे मेहुणे आणि लेबलं छापणारा. समितीने चार बैठकांत अडीच शतकं मार्गी लावली.

इतिहासाच्या प्रकाशनाला दालन भरलं होतं. मागच्या रांगेतून बागेचा म्हातारा माळी उठला.

"मालक, या वेली मी लावल्यात. लग्न झालं त्या वर्षी. अडतीस वर्षं झाली."

"मामा, वय झालं तुमचं," मेहुणे हसले. "विसरायला होतं."

माळ्याची बायको शेजारीच होती. "रोपांना पाणी मी घातलंय. मग मी किती वर्षांची धरायची?"

समितीने हा प्रश्न पुढील बैठकीसाठी राखून ठेवला (स्त्रियांचं वय कार्यकक्षेबाहेर).

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः बागेत गेले. माळी छाटणी करत होता.

"मामा, पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत तुमचा फोटो टाकतो. वेलींची सेवा करणाऱ्या घराण्याचे सातवे वारस."

"माझा बाप शिंपी होता."

"मग सहाव्या पिढीत थोडं शिवणकाम दाखवू."

माळ्याने कात्री खाली ठेवली. "वाकून वाकून कंबर गेली माझी, मालक. ती कुठल्या पिढीत दाखवणार?" आणि तो घरी निघून गेला. आठवडाभर फिरकला नाही.

मालक दगड नव्हते. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता कल्पना सुचली. नवी बाटली निघाली: 'माळ्याची खरी वाइन. वेलींचं वय वर्षे अडतीस. शपथेवर.' माळी खुशीत परतला. आपलं खरं छापून आलं म्हणून बायकोने शेजारपाजारी लेबल दाखवलं. आता तो दारापाशी खुर्चीवर बसतो, हाताला माती लावून (माती समिती पुरवते). अडीचशे वर्षांची एक बाटली खपते, तोवर त्याच्या नऊ खपतात.

दोन्ही बाटल्या एकाच पिंपातून भरतात.

तुम्हीही माळ्याचीच उचलली असतीत, नाही का? तो उठून बोलला तेव्हापासून तुम्ही त्याच्या बाजूने आहात. मालकांच्या अडीचशे वर्षांना तुम्ही लगेच हसलात. त्याच्या अडतीसांचा कागद मात्र एकदाही मागितला नाहीत.