तारमुक्त कार्यालय आणि सोनूबाईचा पत्रा

मंठ्याचं तालुका निवारा कार्यालय दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात तारमुक्त झालं. त्या काळात गावं तंटामुक्त होत होती, रस्ते खड्डेमुक्त होणार असल्याचं छापून येत होतं, आणि कशापासून तरी मुक्त केल्याशिवाय कुठल्याच साहेबाला बढती मिळत नव्हती. वायाळसाहेबांच्या वाट्याला तारा आल्या. त्यांनी रुजू होताच कार्यालयातल्या लोंबत्या तारा झाडून काढून टाकल्या. त्यात एका पंख्याची आणि शिपायाला बोलवायच्या घंटेची तार चुकून गेली, पण मोहीम म्हटलं की एवढं व्हायचंच.

साहेबांच्या खोलीत इंटरनेटची पांढरी पेटी बसली. तिच्यातून लहरी निघणार आणि बाहेरच्या दालनातल्या कंप्युटरला तारेशिवाय मिळणार, अशी योजना होती. कंप्युटर होता कनिष्ठ लिपिक बद्रीनाथच्या टेबलावर, आणि पेटी व टेबल यांच्या बरोबर मध्ये उभं होतं एक लोखंडी कपाट. कुठल्याशा जुन्या चौकशीत ते सीलबंद झालं होतं. चौकशी करणारे निवृत्त झाले, ज्यांची चौकशी होती ते बढती घेऊन गेले, कपाट तेवढं चौकशीखाली राहिलं. ते हलवणं म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ. तेव्हा लहरी साहेबांच्या खोलीतून निघायच्या, कपाटावर आपटायच्या आणि पुन्हा साहेबांकडे जायच्या. सरकारी पत्रव्यवहाराची तीच रीत असल्यामुळे सुरुवातीला कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वाटलं ते बद्रीनाथला, कारण त्याची बायको अडकली होती. कौसल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जाफराबादच्या पलीकडे शाळेत शिकवायची आणि लेकीला घेऊन तिथंच राहायची. नवराबायकोला एका तालुक्यात आणण्याचा नियम होता, बद्रीनाथचा प्रस्तावही तयार होता. मात्र यंदा प्रस्ताव फक्त कार्यालयाच्या कंप्युटरवरून ई-मेलनेच घ्यायचे ठरले होते. कागद घेऊन जालन्याला हजर होणाऱ्याचा प्रस्ताव बाद. मंठ्याहून जालन्याला एसटी दुपारच्या आत पोचवत असे, ई-मेल मात्र पोचत नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चित्रावर लाल फुली यायची, मिनिटभर जायची, आणि बद्रीनाथने पाठवायचं बटण दाबलं की पुन्हा यायची. तिला जणू त्याचंच लग्न मोडायचं होतं.

जालन्याहून वसंता नावाचा दुरुस्तीवाला आला. त्याने पेटी पाहिली, कपाट पाहिलं आणि पिशवीतून एक गुंडाळी काढली.

"भाऊसाहेब, लई सोपं हाये. इथून तिथं एक तार टाकून देतो. मंग बराबर चालतं."

"तार?" वायाळसाहेब खोलीतून बाहेर आले. वसंताने कार्यालयात कोंबडं कापायची परवानगी मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "पुढच्या महिन्यात मूल्यमापन समिती येतेय आणि तुम्ही इथं तार टाकताय?"

"साहेब, पण नेट चालंना."

"तारमुक्त कार्यालयात तार नसणं हा निकष आहे. नेट चालणं हा निकष नाही."

वसंता गुंडाळी घेऊन परत गेला. मग साहेबांनी अंतर्गत अभ्यासगट नेमला. अभ्यासगट म्हणजे साहेब, बद्रीनाथ आणि चहा आणायला शिपाई पुंजाराम. गटाच्या लक्षात आलं, की दालनात गर्दी असली की फुली जास्त टिकते. यावरून, लहरी माणसं अडवतात, असा निष्कर्ष निघाला. अभ्यागतांनी यापुढे उंबऱ्याबाहेर थांबावं, असा फलक लागला. कामकाजात मुख्य अडथळा जनतेचाच असतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. आता त्याला तांत्रिक आधार मिळाला. दालन रिकामं झालं, फुली कायम राहिली, आणि पुंजारामला बाकावर आडवं व्हायची सोय झाली.

अशा वेळी तळणीच्या बसने सोनूबाई आली. म्हातारी विधवा, घरकुल मंजूर झालेलं, पण कंप्युटरमध्ये तिच्या नावापुढे कुणीतरी 'स्त्री'ऐवजी 'पुरुष' निवडून ठेवलं होतं. पुरुष विधवा असू शकत नाही, म्हणून घरकुल अडलं होतं. दुरुस्ती एका शब्दाची, पण ती इंटरनेटवरूनच करता येत होती.

"भाऊसाहेब, म्या बाई हाये, हे दिसून न्हाई राह्यलं का तुम्हाला?" ती मागच्या खेपेलाच म्हणाली होती.

"मला दिसतंय मावशी. ह्याला न्हाई दिसत," बद्रीनाथने कंप्युटरकडे बोट केलं होतं.

या खेपेला तिने पुरावा आणला. घराची अवस्था साहेबांना कळावी म्हणून छपराचा एक पत्राच काढून, बसच्या टपावर टाकून घेऊन आली. त्याला एवढी भोकं होती, की त्यातून पाऊस येत नव्हता असं म्हणायला जागाच नव्हती. आत जायला मनाई. म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पत्रा कमरेवर तिरपा टेकवला आणि आत बघू लागली.

बद्रीनाथच्या पडद्यावरची फुली गेली. गेली ती या वेळी मिनिटभरात परत आली नाही. साहेबांच्या खोलीतून निघालेल्या लहरी दारातून बाहेर जात होत्या, पत्र्यावर आपटत होत्या आणि कपाटाला वळसा घालून सरळ त्याच्या टेबलावर येत होत्या. सोनूबाईने हात बदलला, फुली आली. पत्रा पुन्हा तिरपा झाला, गेली. बद्रीनाथने दोनदा डोळे चोळले आणि नोकरीत पहिल्यांदाच जागेवरून उठून कुणाचं तरी स्वागत केलं.

"मावशी, या, या! पुंजाराम, मावशीला चहा. न्हाई, खाली नका बसू. असंच उभं राहा. तुमचंच काम करून राह्यलो."

त्या दिवशी त्याने स्वतःचा प्रस्ताव पाठवला. फायली जड होत्या, वेळ लागला, पण सोनूबाई हलली नाही. ई-मेल गेल्याची ओळ पडद्यावर आली तेव्हा बद्रीनाथच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "झालं का बाबा?" तिने विचारलं. त्याला लाज वाटली. मग त्याने ती गिळली आणि म्हणाला, "आज निम्मं झालं, मावशी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्याला तिचं काम करायचंच होतं. पण साहेबांना शोध कळला होता.

"दुरुस्ती झाली की ती बाई पत्रा घेऊन जाईल ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग घाई कशाला? प्रकरण गुणवत्तेवर तपासा."

केवळ पत्रा ठेवून घेण्याचाही प्रयत्न झाला, नाही असं नाही. भिंतीला टेकवला तर घसरत होता. सुतळीने बांधायचं ठरलं, पण सुतळीला लांबून तार समजण्याचा धोका होता. पुंजारामने सांगितलं, "पत्रा धरणं शिपायाच्या कामात बसत न्हाई, साहेब." नवा पत्रा घ्यायचा तर निविदा ऑनलाइन काढावी लागली असती, आणि ती काढायला पुन्हा सोनूबाईच लागली असती. शिवाय खाजगी पत्रा कार्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत चढवायचा कसा? त्यापेक्षा बाई बरी, तिची कुठंच नोंद नव्हती. होती ती पुरुष म्हणून.

सोनूबाई रोज येऊ लागली. आपल्यासाठी कार्यालय एवढं झटतंय, साहेब स्वतः दारात येऊन "मावशी, थोडं डावीकडे" म्हणतात, याचं तिला अप्रूप होतं. तिने गावात सांगितलं, की मंठ्यातली माणसं फार मायाळू आहेत. घराच्या उघड्या भागावर तिने खताच्या गोण्या शिवून टाकल्या होत्या. पावसाळा जवळ येत होता आणि घरकुल आत्ता होईल, मग होईल, या आशेवर ती पत्रा सरळ होऊ देत नव्हती.

मूल्यमापन समिती आली. कार्यालयात एक तार दिसेना आणि नेट घोड्यासारखं पळत होतं. अध्यक्षांनी दाराकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

वायाळसाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "लोकसहभाग."

समितीने माना डोलावल्या. लोकसहभागाला वेगळे गुण होते. मंठ्याला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला आणि इतर तालुक्यांनीही दारात योग्य लाभार्थी उभा करण्याची शक्यता पडताळावी, असं पत्रक निघालं. अंबडला म्हणे दोघींना उभं केलं. तिथली इमारत मोठी आहे.

जूनमध्ये कौसल्या बदलून मंठ्याला आली. एके दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन ती कार्यालयात गेली, तर सोनूबाईने तिला दारातच थांबवून आशीर्वाद दिला. "लई गुणाचा मालक हाये तुझा, पोरी. मपल्यासाठी रोज त्या टेबलावरच्या डब्यासमोर डोळे फोडून राह्यला." कौसल्याने सगळं विचारून घेतलं. रात्री जेवताना ती इतकंच म्हणाली, "एक शब्द लिहायचा हाये तुम्हाला. मपली पहिलीतली पोरं लिहित्यात."

बद्रीनाथ ताटावरून उठला. त्याच्याकडे माणुसकी नव्हती असं नाही. ती प्रलंबित होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जालन्याला बैठकीला गेले होते. आभाळ भरून आलं होतं. सोनूबाई दारात उभी होती, पत्रा तिरपा होता, फुली नव्हती. त्याने तिची नोंद उघडली, 'पुरुष' खोडून 'स्त्री' केलं आणि कायम करण्याचं बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरू लागलं. इतक्या दिवसांनी हातून एक सरळ काम होतंय, या आनंदात त्याला राहवलं नाही. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "मावशी, झालं! बाई झाल्या तुम्ही!"

सोनूबाईचा चेहरा फुलला. तिने पत्रा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

पडद्यावर लाल फुली आली. नोंद पुन्हा 'पुरुष' झाली.

बद्रीनाथ मटकन खुर्चीत बसला. पत्रा उचला, पुन्हा दाबतो, एवढंच त्याने म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात त्याला आठवलं, लेकीच्या इथल्या शाळेतल्या प्रवेशाचा अर्ज अजून ऑनलाइन जायचाय. त्याच्यानंतर घरभाड्याचं एक प्रकरण आहे. त्याने दीर्घ श्वास घेतला, आणि आपल्याला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटतंय, हे त्याचं त्यालाच कळलं. पण ते कळून त्याने काही केलं नाही.

"काय झालं, बाबा?"

"काही न्हाई, मावशी. वरूनच अडकून राह्यलंय." तो पडद्याकडे बघत म्हणाला. "पत्रा उचला. हां. जरा तिरपा. उद्याही या."

बाहेर पाण्याचे थेंब पत्र्यावर वाजू लागले. भोकांतून ते सोनूबाईच्या पायांवर पडत होते, पण ती हलली नाही. कार्यालयातलं नेट त्या दिवशी फार छान चाललं.

तुमच्याकडेही हल्ली बरं चालतं म्हणे. तारही दिसत नाही कुठं. चांगलं आहे. फक्त एकदा उठून दारात बघून या, कोण उभं आहे ते. आणि बघितलंच, तर उगाच हात जोडायला लावू नका, रेंज जाईल.