साडेपाचचं जेवण

वजन उतरवायला फक्त घड्याळ लागतं, बाकी काही लागत नाही, असं मी द्वारकेला ठासून सांगितलं तेव्हा ती ज्वारीचं पीठ चाळत होती. तिचा हात थांबला नाही.

“माणूस किती खातो याला काही अर्थ नाही,” मी म्हणालो. “कधी खातो ते बघायचं. दिवस मावळायच्या आत जेवलं की अंगाला लागत नाही.”

“तुम्ही रात्री साडेतीन भाकरी खाता,” बायको म्हणाली. “त्या सहाला खा नायतर नऊला खा, साडेतीनच राहतेत.”

शास्त्र एवढं सोपं नसतं, पण पीठ चाळणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. घालणारा शेवटी पांढरा होतो.

डॉक्टरांनी मला साखर काठावर आली आहे, सात-आठ किलो उतरवा, असं बजावलं होतं. भाकरी कमी करणं मला जमणारं नव्हतं. घड्याळ मागं ओढणं जमणारं होतं. अडचण एकच. द्वारकेचा उस्मानपुऱ्यात शिवणवर्ग आहे, संध्याकाळची बॅच साडेसातला सुटते. म्हणून मी मार्ग काढला. सकाळीच दोन डबे घ्यायचे, दुपारचा दुपारी खायचा आणि रात्रीचा ऑफिसातच, साडेपाचला.

“अन् मी?” तिनं विचारलं.

“तू जेव की तुझ्या वेळेला. तुला कुठं वजन उतरवायचंय?”

तिनं चाळणीतला कोंडा झटकला. मला वाटलं, पटलं.

ऑफिसात मी याआधी तीनदा डाएट जाहीर केलं होतं आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी कँटीनमध्ये भज्यांसकट सापडलो होतो. त्यामुळं या खेपेला कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. पहिल्याच दिवशी साडेपाचला डबा उघडला आणि समोर सांडू शिपाई उभा.

“साहेब, दुपारी जेवला होता ना तुम्ही? मग हे काय?”

“हे रात्रीचं.”

“मग घरी?”

“घरी रात्रीचं बंद केलंय,” मी म्हणालो.

कुणी बंद केलंय हे मी सांगितलं नाही आणि सांडूनं विचारलं नाही. मराठी भाषेत अशी वाक्यं फार आहेत.

दोन दिवसांनी आमचे हेडक्लार्क अनंतराव माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. फार सभ्य माणूस, शिपायालाही अहो म्हणणारा.

“बद्रीनाथराव, संसारात असं व्हायचंच,” ते हळू आवाजात म्हणाले. “आमच्या हिनं एकदा आठ दिवस मौन धरलं होतं.”

मला वाटलं ते आपलं दुःख सांगताहेत. मीही “होतं असं” म्हणून धीर दिला. त्यांनी अळूवड्यांचा डबा माझ्याकडं सरकवला. बिचाऱ्याचं मन मोडू नये म्हणून मी सगळ्या खाल्ल्या.

शुक्रवारी टपालाच्या टेबलावरच्या अंबिका मॅडमनी सहा धपाटे आणि दही आणलं. “खा हो,” त्या म्हणाल्या, “वहिनींचा राग जाईल हळूहळू.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण त्यात धपाटा होता.

मग रोज कुणी ना कुणी आणत गेलं. घरचा डबा आणि वरून हे. मी मनाशी म्हणायचो, दिवस मावळायच्या आत आहे, अंगाला लागणार नाही. घरी गेल्यावर मात्र नियम कडक. नऊला द्वारका स्वयंपाकघरात जायची तेव्हा मी बाहेरच्या खोलीत दार लोटून बातम्या बघत बसायचो. फोडणीचा वास आला तर मोह होईल ना.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, बिडकीनहून पहिल्या एसटीनं सासरे आले. पुंजाराममामा सहसा असे न सांगता येत नाहीत. सोबत सासूबाई आणि गव्हाचं अर्धं पोतं. मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“द्वारके, नवऱ्याचं जेवण बंद केलं व्हय गं तू? आपल्या घराण्यात असं कुणी केलंय का?”

द्वारका पाण्याचा तांब्या हातात धरून उभी. तिला काही कळेना.

“आम्हाला भागूबाईनं सांगितलं,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या रानाला लागूनच रान हाय तिचं. तिचा भाऊ सांडू जावयांच्याच हपिसात हाय. म्हणं, जावई लोकाच्या डब्यावर दिवस काढत्यात.”

द्वारकेनं माझ्याकडं बघितलं. “कुणाच्या डब्यावर?”

मी सगळं सांगितलं. अळूवड्या, धपाटे, मधल्या काळातली दोन-तीन पुरणपोळ्यांची प्रकरणं. काही लपवलं नाही, कारण लपवायला पोटाशिवाय जागा नव्हती आणि ते तर समोरच दिसत होतं.

“म्हंजी पोरीनं काहीच केलं नाय?” मामांनी विचारलं.

“नाही.”

सासूबाईंनी लेकीचा हात हातात घेतला. बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या. “मग ही का अशी वाळली?”

“एकटीला घास जात नाय, आई,” द्वारका म्हणाली. “वाटीभर दूध पिते अन् पडते.”

तीन आठवडे मी त्या लोटलेल्या दाराच्या अलीकडं बसलो होतो. पलीकडं ती जेवतेच आहे, असं धरून चाललो होतो. मामा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडत बसले.

“उद्या हपिसात सगळ्यांच्या समोर खरं सांगा,” द्वारका म्हणाली. “माझं नाव लोकाच्या तोंडी असं नको.”

सोमवारी दुपारच्या जेवणाला मी उभा राहून सांगितलं. बायकोची काही चूक नाही, ती रोज स्वयंपाक करते, मीच वजनासाठी लवकर जेवतो. सगळे शांतपणे ऐकत होते. अनंतरावांनी अंबिका मॅडमकडं बघितलं, मॅडमनी ताटाकडं.

“बरोबर आहे,” अनंतराव म्हणाले. “तुम्हाला तसं सांगावंच लागणार. वहिनींना म्हणावं, आमचा काही गैरसमज नाही.”

त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर नेहमीपेक्षा दोन डबे जास्त आले.

“मानलं का?” घरी गेल्यावर द्वारकेनं विचारलं.

“धाकानं बोलतोय म्हणतात.”

“मग मीच येते.”

मंगळवारी तिनं संध्याकाळच्या बॅचला सुट्टी दिली आणि साडेपाचला भरीत, भाकरी आणि ठेचा घेऊन ऑफिसात आली. सगळ्यांना वाढलं. मी हात पुढं केला.

“तुमचं घरी,” ती म्हणाली. “साडेआठला. माझ्यासंगं.”

सगळ्यांचे घास हातात राहिले. अनंतरावांच्या चेहऱ्यावर तर पुरावाच मिळाल्यासारखं झालं. द्वारकेनं पदर खोचला आणि त्यांच्यासमोर बसली.

“भाऊसाहेब, मी ह्यांना सकाळी दोन डबे देते. दुसऱ्यात साडेतीन भाकरी असतेत. तुम्ही विचारा, त्यातली एक तरी कधी माघारी आली का.”

अनंतरावांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

“आणि माझे धपाटे?” अंबिका मॅडम म्हणाल्या.

“त्याच्या वरून.”

“सहाच्या सहा?”

मी मान हलवली. आधी अनंतराव हसले, मग मॅडम, मग सगळी कचेरी. द्वारका हसली ती सगळ्यात शेवटी, पण हसली. मी उपाशीपोटी बघत होतो. कितीतरी दिवसांनी मला साडेपाचला खरी भूक लागली होती.

रात्री आम्ही दोघं एकत्र जेवलो. तिनं मला दोन भाकऱ्या वाढल्या आणि स्वतःही दोन घेतल्या. तिसरी मागायची माझी छाती झाली नाही.

बुधवारी आम्ही दोघं डॉक्टरांकडं गेलो. काट्यावर साडेतीन किलो जास्त. “वेळेनं थोडाफार फरक पडतही असेल,” डॉक्टर म्हणाले, “पण आधी किती खाता ते बघा.” द्वारका भिंतीकडं बघत राहिली. एवढं मोठं मन मला नसतं जमलं.

आता ऑफिसात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक आहे. राहिला फक्त सांडू. मंगळवारी तो रजा घेऊन बिडकीनला गेला होता. गुरुवारी कामावर आला आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला.

“साहेब, आता घरी वाढलं का?”

“वाढलं,” मी काट्याच्याच विचारात होतो. “साडेतीन किलो.”

“साडेतीन किलो?” सांडू दोन पावलं मागं सरला. “एका टायमाला?”

मी पुढं काही सांगेपर्यंत तो खिशातून मोबाईल काढत बाहेर गेला होता. रविवारी पहिली एसटी साडेआठला येते. द्वारकेला अजून सांगितलेलं नाही.