सी भरलाय, डी रिकामा आहे

‘टुंग.’

एवढासाच आवाज. पण दुपारचे अडीच वाजलेले, सान्वीला थोपटून थोपटून रुचिताचा हात बधिर झालेला, गळक्या नळाखाली थेंबांचा आवाज नको म्हणून मुद्दाम फडकं ठेवलेलं आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई, आवडाबाईही नुकत्याच आडव्या झालेल्या. अशा शांततेत तो आवाज पितळी वाटी पडावी तसा घरभर घुमला. सान्वीने कूस बदलली. रुचिताने श्वास रोखला. सान्वीने अंगठा पुन्हा तोंडात घातला, तेव्हा कुठे रुचिताने श्वास सोडला.

आवाज लॅपटॉपचा होता. पडद्यावर लाल पट्टी आली होती आणि तिच्याखाली सूचना होती, की जागा अपुरी आहे.

जागा अपुरी आहे हे डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला खरं तर कुणी सांगायला नको. पण आज ती सूचना जिव्हारी लागणारी होती. सान्वीच्या वेळी रुचिताने नोकरी सोडली त्याला पाच वर्षं होत आली. इतक्या दिवसांनी एका कंपनीने तिला घरबसल्या काम देऊ केलं होतं. इमारतींचे नकाशे काढायचं, तिचं आवडतं काम. सोमवारी सुरुवात. अट एकच. कंपनीचं सॉफ्टवेअर आज पाचच्या आत लॅपटॉपवर बसवायचं आणि बसलं म्हणून कळवायचं. न कळवल्यास यादीतल्या पुढच्या बाईला विचारणार. सॉफ्टवेअरला जागा हवी होती चाळीस जीबी. लॅपटॉपवर शिल्लक होती तीन.

तिने कळव्याला भावाला फोन लावला. दिपेश एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. सान्वी उठू नये म्हणून रुचिता तोंडावर ओढणी धरून कुजबुजत बोलू लागली, आणि घोटाळ्याचं मूळ या कुजबुजण्यातच होतं. मोठ्याने बोलली असती तर आवडाबाईंनी लक्षही दिलं नसतं. पण पाणी प्यायला उठलेल्या सासूच्या कानावर सुनेची कुजबुज पडली, तर ती सासू पाणी पिते का? आवडाबाई तांब्या हातात धरून दाराआड उभ्या राहिल्या.

त्यांना ऐकू आलं ते एवढंच :

“अरे, सी पूर्ण भरलाय. मुंगीला शिरायला जागा नाही… डी ना? डी रिकामा आहे, पण मोरीएवढा आहे रे तो. त्यात काय मावणार?”

इथे सांगायला हवं, की रुचिताच्या, म्हणजे खेडेकरांच्या, सोसायटीत ए, बी, सी आणि डी अशा चार विंग होत्या, आणि खेडेकर राहत होते सीमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

“…हो, जुनंच काढायला हवं. सगळ्यात जास्त जागा कुणी खाल्लीय माहितीये? आईंनी! निम्मी जागा आईंचीच आहे… नाही रे, एकदम नाही काढता येत. वाईट वाटेल त्यांना. हळूहळू काढते… बाहेर ठेवू म्हणतोस? अख्ख्या आईच बाहेर ठेवायच्या? आयडिया चांगली आहे, पण सांभाळायला लागेल ना. कुठे आपटलं-बिपटलं तर गेलं सगळं… तू रात्री येणार? मग काय उपयोग? मला पाचच्या आत जागा मोकळी पाहिजे… आणि ह्यांना बोलू नकोस काही. उगाच टेन्शन घेतील.”

आता ‘आई’ हे लॅपटॉपमधल्या एका फोल्डरचं नाव होतं. आवडाबाईंचा मोबाइल सारखा भरायचा आणि रुचिता तो दर महिन्याला त्या फोल्डरमध्ये रिकामा करायची. ‘बाहेर’ म्हणजे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. पण हे दाराआडच्या माणसाला कसं कळावं?

आवडाबाईंनी तांब्या जागेवर ठेवला. पाणी तसंच. त्या भांडणाऱ्या बाई नव्हत्या. चिपळूणकडच्या होत्या, आणि रागावल्या की एकदम गोड व्हायच्या. त्यांनी पलंगाखालून हिरवी बॅग ओढली, दोन नऊवारी, औषधांचा डबा आणि कुळथाच्या पिठाची पिशवी तीत भरली, बॅग पलंगावर ठेवली, केस नीट केले आणि चपलांचा आवाज न करता खाली उतरल्या. एवढं होतंय तर निदान ती मोरीएवढी जागा बघून तरी यावी, असा त्यांचा विचार.

डी विंगमध्ये तळमजल्याला जागृती राहायची. सोसायटीत कुणाकडे पाहुणा यायच्या आधी जागृतीकडे बातमी यायची.

“जागृती, तुमच्या डीत कुणाची जागा रिकामी आहे गो? लहानशी?”

“का हो काकू? कुणाला हवीय?”

“मलाच. आमची सीमधली जागा पाचच्या आत मोकळी करायचीय म्हणे.”

जागृतीने हातातलं गवारीचं ताट खाली ठेवलं. “पाचच्या? आजच्या?”

“आजच्या. सून बोलत होती फोनवर. जुनं ते सगळं काढणार आहेत.”

“जुनं काढणार?” जागृतीच्या आवाजाला धार चढली. “अहो काकू, म्हणजे रिडेव्हलपमेंट! सी विंग पाडतायत! मी म्हटलंच होतं, परवा दोन माणसं टेप लावून जिना मोजत होती!”

आवडाबाईंना एवढं मोठं काही म्हणायचं नव्हतं. त्या “अगो, तसं नाही…” म्हणेपर्यंत जागृतीचा अंगठा मोबाइलवर निम्म्या वाटेवर पोचला होता. सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर पडला : सी विंग आज पाचपर्यंत खाली करायची आहे. खेडेकरांकडून पक्की खबर. कृपया सहकार्य करावे.

वरती रुचिता एकेक फाइल उघडून बघत होती. साडेतीन जीबी झाले. तेवढ्यात नवऱ्याचा, सुदेशचा फोन आला, कोलशेतहून, त्याच्या कंपनीतून.

“रुचिता, घरी काय झालंय?”

“काही नाही. का?”

“आईचा फोन आलेला. चिपळूणची एसटी किती वाजता आहे विचारत होती. एकदम गोड बोलत होती गं. मला घामच फुटला.”

“काहीतरीच काय? आई झोपल्यात आत.” असं म्हणत रुचिताने आत डोकावलं. पलंग रिकामा होता. पलंगावर हिरवी बॅग होती. तिने उचलून पाहिली, भरलेली होती. त्या गेल्या तर सान्वीला कोण बघणार? आणि सान्वीला बघायला कुणी नसेल तर सोमवार कसला आणि नकाशे कसले!

तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, कुणीतरी बोट ठेवूनच दिलं. सान्वी ताडकन उठून बसली आणि तिने भोकाड पसरलं.

दारात पहिल्या मजल्यावरचे भिवाकाका उभे होते. काखेत गुंडाळलेली गादी, हातात पाण्याचा फिल्टर.

“वहिनी, पाणी कधी तोडणार? फिल्टर आत्ता काढला, का पाचला काढू?”

“कसला फिल्टर?”

“आता लपवून काय उपयोग? सी विंग पाचपर्यंत खाली करायची, ग्रुपवर तुमच्याच नावाने आलंय! मी शीळफाट्याच्या टेम्पोवाल्याला बोलावलं पण.”

त्यांच्या मागे जिन्यावर माणसं चढतच होती. कुणाच्या हातात पडद्याचे दांडे, कुणाच्या डोक्यावर मिक्सरचा खोका. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या-आल्याच रडू लागल्या. “मागच्याच महिन्यात किचनला टाइल्स लावल्या हो! मोरपिशी!” कडेवर सान्वी, कानाशी सुदेशचं “हॅलो, हॅलो,” आणि समोर पंधरा माणसं. रुचिता ओरडून सांगत होती, “अहो, मी लॅपटॉपची जागा म्हणत होते! लॅपटॉपची!”

“बघा,” मागून कुणीतरी म्हणालं, “लॅपटॉप ठेवायला सुद्धा जागा देत नाहीयेत.”

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

आणि मग गर्दी बाजूला सारत सेक्रेटरी रत्नदीप आला. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल दाढी केलेला. तो रुचिताला दाराच्या फटीत घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, “वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं? बिल्डरशी नुसतं बोलणं चाललंय. कमिटीत आम्ही तिघंच होतो! शपथेवर सांगा, कोण फुटलं?”

“मला काही माहीत नव्हतं. आत्ता तुम्हीच सांगितलंत.”

जिन्यातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. दाराची फट बऱ्यापैकी रुंद होती.

“बिल्डर?” भिवाकाकांनी गादी खाली ठेवली.

“तिघंच होतात?” मोरपिशी टाइल्सवाल्या बाईंचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. “रत्नदीप, माझ्या टाइल्स बघायला आला होतास तेव्हा तुला ठाऊक होतं? आणि ‘छान दिसतायत’ म्हणालास?”

“नाही, म्हणजे, तसं नाही, पाच-सात वर्षांनी…” रत्नदीप एकेक पायरी उतरत मागे सरू लागला. तो जसा मागे सरला, तसा सगळा जमाव त्याच्या पाठोपाठ खाली गेला. दोन मिनिटांत दारात एक पडद्याचा दांडा तेवढा उरला. आणि दांड्यापलीकडे, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या, आवडाबाई.

“या ना आई. आत या.”

“नको. मी बॅग तेवढी घेते. तुला पाचच्या आत जागा मोकळी पाहिजे ना? मी कुठे आड येतेय? छान रहा तुम्ही.” आवाज साखरेत घोळलेला.

रुचिताला हसावं की रडावं कळेना. तिने सान्वीला खाली ठेवलं, सासूचा हात धरून त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. “हा बघा सी. याच्या पोटातल्या कप्प्याचं नाव आहे ते. आणि हा डी, मोरीएवढा.”

आवडाबाईंनी चष्मा लावून पडद्याकडे नीट पाहिलं. “आणि निम्मी जागा मी खाल्ली ती?”

रुचिताने ‘आई’ फोल्डर उघडला. गुलाब. दवबिंदूवाले गुलाब. चहाच्या कपातले गुलाब. सुप्रभात, शुभ सकाळ, मंगलमय गुरुवार. वळवळणारी निरांजनं. गुडघेदुखीवर रामबाण उपाय, भाग एक ते चाळीस. नऊ हजार सहाशे चित्रं.

आवडाबाईंनी सगळं खालपर्यंत पाहिलं. मग साध्या, कोरड्या, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मग मेलं काढून का नाही टाकलंस इतके दिवस?” तो कोरडा आवाज ऐकून रुचिताला हायसं वाटलं.

“त्यात मधूनमधून तुम्ही आहात. सान्वीला पहिल्यांदा अंघोळ घातलीत तो व्हिडिओ त्यातच आहे. एकदम काढलं असतं तर तोही गेला असता.”

आवडाबाईंनी पदराने चष्मा पुसला. त्याला काही झालं नव्हतं तरी पुसला. “मला वाटलं, नोकरी लागली, आता म्हातारीची अडचण.”

“तुम्ही नसाल तर मी नोकरी करणार कशी? तुमच्या जिवावर तर हो म्हटलंय मी त्यांना.”

“किती वाजले?”

“सव्वाचार.”

“सरक तिकडे,” आवडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला. “दर दिवाळीला माळा कोण काढतं या घरातला? तू बटण दाब. मी सांगते ते काढायचं.”

आणि मग जो धडाका सुरू झाला! रुचिता एकटी होती तेव्हा एकेका चित्रापाशी पाच मिनिटं रेंगाळायची. आवडाबाई रेंगाळल्या नाहीत. “गुलाब? काढ. हा पण गुलाब, काढ. निरांजन… निरांजन पाप लागेल, राहू दे एक. गुडघे? चाळीस भाग बघूनही दुखतायत, काढ!” अंघोळीचा व्हिडिओ तेवढा डीमध्ये गेला. त्यात तो बरोब्बर मावला. साडेचारला एकोणतीस जीबी मोकळे झाले. पण ‘आई’ संपला आणि पुढचा फोल्डर होता ‘सान्वी’. इथे रुचिताचा हात अडला.

“हे काय? ही सतरा वेळा जांभईच देतेय.”

“सतरा वेगवेगळे आहेत, आई. यात बघा, नाक किती छान आलंय.”

“नाक सतराही ठिकाणी तेच आहे. एक ठेव.”

“दोन?”

“एक. पाच वाजतायत.”

रुचिताने डोळे मिटून बटण दाबलं. सोळा जांभया गेल्या. मग चौदा रुसवे गेले, बावीस वेळा खाल्लेली एकच खीर गेली, झोपलेल्या बाळाच्या तळव्यांची अख्खी मालिका गेली. प्रत्येक वेळी एक राहिलं. कुठलं ठेवायचं यावर सासू-सुनेचं पहिल्यांदाच इतकं एकमत होत होतं. चार एकोणचाळीसला चाळीस जीबी झाले. सॉफ्टवेअर बसायला लागलं. टक्के सरकत होते, दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या आणि खालून रत्नदीपचा आवाज येत होता, “अहो, निदान तोंड तरी धुऊ द्या!”

चार सत्तावन्नला रुचिताने कंपनीला कळवलं. पाचला एक मिनिट कमी असताना उत्तर आलं : सोमवारी भेटू.

“झालं!” ती ओरडली. आवडाबाई हिरवी बॅग उघडून कुळथाचं पीठ बाहेर काढू लागल्या. “पिठलं टाकते. सकाळचं काही शिल्लक नाहीये.”

एवढा वेळ खुर्चीच्या पायाशी बसून सगळं बघत असलेली सान्वी उठली आणि रुचिताच्या मांडीवर चढली. पडद्यावर तिची ती एकुलती एक जांभई मोठी होऊन दिसत होती. सान्वीने तिच्या नाकाला बोट लावून पाहिलं.

“आई, सतरा सान्वी होत्या ना?”

“हो गं, राणी.”

“सोळा काढून टाकल्यास?”

“सगळ्या सारख्याच होत्या ना बाळा. मग एकच ठेवली.”

सान्वीने विचार केला. आपल्या दोन्ही हातांकडे, मग पायांकडे नीट पाहून घेतलं.

“मग मी,” तिने विचारलं, “ठेवलेली आहे, का काढलेल्यांतली?”

रुचिताने मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. आवडाबाई पिठाची पिशवी हातात धरून स्वतःच उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.